१२० तासांची उमेदवारी

जळगावहून धुळ्याला जाणारी एस. टी. गिरणेचा पूल ओलांडते, पाळधी, एरंडोल, पारोळा ही गावे मागे टाकते आणि अडीच-तीन तासांत आपल्याला पांझरेच्या काठी आणून सोडते. २०२४ च्या मे महिन्यात या रस्त्याने मी किती वेळा गेले-आले, ते तिकिटे मोजली तरच कळेल. दुतर्फा काळी रिकामी रानं, उन्हाने पांढरा पडलेला रस्ता आणि मांडीवर एक निळी फाईल. त्या फाईलीत एका कुटुंबाचे कागद होते. खरे म्हणजे कागद नव्हतेच, आणि तेच तर सारे दुखणे होते.

मी समाजशास्त्रात एम. ए. करते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर वर्गांना आता पहिल्याच वर्षी ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ करावे लागते. त्याला ४ श्रेयांक, म्हणजे १२० तास. आमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचे तर उमेदवारी. वाणिज्यचा एक मित्र जळगावच्या औद्योगिक वसाहतीत डाळ मिलच्या हिशेबाला बसला. इतिहासाच्या मैत्रिणीने जुन्या कागदपत्रांचे काम घेतले. मला धुळ्यातील एका संस्थेत पाठवले. वस्तीत जाऊन शिक्षण आणि रोजगाराची माहिती भरून आणायची, हे माझे काम. आठ पानांची प्रश्नावली. दिवसाला दहा घरे.

पहिल्या तीन दिवसांत मी तीस घरे पुरी केली आणि स्वतःवर खूश होते. चौथ्या दिवशी एका आजींच्या दारात बसले. त्यांनी माठातले पाणी दिले, मी वही उघडली. तशा त्या हसून म्हणाल्या, “गयी साल बी पोरी उन्यात. लिखी लई ग्यात. मंग काय व्हयनं?”

काय झाले? मला उत्तर देता येईना. मागच्या वर्षीच्या मुलींनी भरून नेलेले कागद कुठल्या कपाटात आहेत, हे कोण सांगणार? मी वही मिटली आणि विचारले, “आजी, तुमची काय अडचण आहे?”

अडचण नातीची होती. मुलगी बारावीला बसलेली, नर्सिंगला जायचे ठरवून बसलेली. बाप लहानपणीच गेला. प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र हवे आणि पुढे त्याची पडताळणीही. घरात कागद एकच, बापाच्या शाळेचा दाखला. त्यावर जातीच्या रकान्यात लिहिलेले, ‘बौद्ध’. बस्स, एवढेच.

वाचकहो, ही अडचण आपल्यापैकी अनेकांच्या घरात येऊन गेली असेल. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या वाडवडिलांनी शाळेत मुलांची नावे घालताना मोठ्या अभिमानाने ‘बौद्ध’ लिहवले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. पण प्रमाणपत्र देताना अधिकारी विचारतो, धर्मांतरापूर्वीची जात कोणती? आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वी तुमचे कुटुंब कुठे राहत होते? त्याचा पुरावा आणा.

हे मी आजींना समजावून सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “जे नाव आम्ही फेकी दिन्हं, तेच आते शोधनं पडी का वं पोरी?”

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या स्वतःच्या घरात आजोबांनी ते सगळे कागद वेळेवर करून ठेवले होते, म्हणून मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. सकाळी मी संस्थेच्या ताईंना सांगितले की, उरलेल्या तासांतला काही वेळ मी या एका घरासाठी देणार. त्या म्हणाल्या, “दे. पण प्रश्नावल्या कमी भरल्या तर अहवालात तसे लिहावे लागेल.” मी कबूल झाले.

आजींचे सासरे पारोळा तालुक्यातले. आजोबांचा जन्म तिथलाच, साधारण १९३८ चा, आणि धुळ्याला ते गिरणीच्या कामासाठी आले ते १९५० च्या नंतर. म्हणजे पुरावा शोधायचा तो जळगाव जिल्ह्यात आणि अर्जही तिकडच्याच प्रांत कार्यालयात. धुळ्यात जन्मलेल्या मुलीला धुळ्यात अर्ज करता येत नाही, हे मला पुस्तकाने शिकवले नव्हते. ते सेतू केंद्राच्या खिडकीने शिकवले.

प्रथम गावातल्या शाळेत गेले. जुने जनरल रजिस्टर सापडत नाही म्हणून सांगितले गेले, दुसऱ्यांदाही तेच. शिवाय आजोबा शाळेत गेल्याची खात्रीही नव्हती. बाहेर कडुनिंबाखाली एक म्हातारेबुवा बसले होते. ते म्हणाले, “शाळेत काय शोधता? कोतवाल बुकात पाहा.” गावात कोण जन्मले, कोण मेले, याची नोंद पूर्वी गाव नमुना नंबर १४ मध्ये होई. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचीही नोंद तिथे असू शकते. त्या नोंदी तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. रीतसर अर्ज केला, फी भरली. चार फेऱ्यांनंतर पिवळी पडलेली पाने समोर आली, आणि ती होती मोडीत!

इथे इतिहासाची मैत्रीण धावून आली. तिने मोडीचा वर्ग केला होता. एका रविवारी आम्ही धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ पाहायला गेलो होतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ स्थापन झाले. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरे जमवली. तिथली जुनी पत्रे पाहताना माझ्या मनात आले, सरदारांचे, सावकारांचे कागद कुणीतरी जपले. आमच्या पणजोबांचा कागद कोण जपणार? त्याचे उत्तर तहसीलच्या त्या धुळीत मिळाले. आमचाही कागद होता. तो वाचणारे कुणी तिथवर गेले नव्हते, इतकेच.

मैत्रिणीने बोट ठेवून ओळ वाचली. बापाचे नाव, त्यापुढे जात, त्यापुढे ‘मुलगा’. बाळाचे नावसुद्धा लिहिलेले नव्हते. बाप तोच, साल तेच, गाव तेच. मोडीचे अधिकृत लिप्यंतर करून घेतले, वंशावळीचे शपथपत्र केले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नातीने आपल्या हाताने अर्ज दाखल केला. माझे १२० तास तोवर कधीच संपले होते.

जुलैत आम्ही तिघे पुन्हा भेटलो तेव्हा प्रत्येकाने आपण काय शिकलो ते सांगितले. डाळ मिलवाला मित्र म्हणाला, “मी हजेरीपट शिकलो. निवडणाऱ्या बायांचे अंगठे पाहिले आणि एकदा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन विचारले. त्यांना पैसा न् पैसा तोंडपाठ होता.” मोडीवाली म्हणाली, “लिपी परीक्षेसाठी शिकले होते. आता ती कुणाच्या तरी उपयोगाची आहे हे कळले.” मी म्हणाले, “मी परत जायला शिकले.”

आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. असोद्याची ही शेतकरीण अक्षरशत्रू होती. तिच्या ओव्या घरच्यांनी लिहून घेतल्या, त्या १९५२ साली पुस्तक होऊन लोकांपर्यंत परत आल्या. लिहून घेणारे तिथेच थांबले असते तर? आम्हा विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. लिहून घेतलेले परत नेऊन दिले नाही तर ती निव्वळ नेणावळ झाली.

दर वर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर यात्रा भरते. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याच्या न्यायालयात एका खटल्यासाठी आले असता या बंगल्यात राहिले होते. मुंबई-आग्रा रस्त्यावरून त्या दिवशी माणसांची रांग लागते, पावसाने कुरण हिरवे झालेले असते. आम्हीही गेलो. परतताना मी आजींच्या दारात उतरले. प्रमाणपत्र आले होते. पडताळणीचा अर्ज गेला होता, नर्सिंगचा प्रवेश अजून व्हायचा होता.

मी आजींना विचारले, “जुने नाव लागले कागदावर, वाईट वाटते का?” उत्तर नातीने दिले. म्हणाली, “ताई, ते आमचं नाव नाही. आमच्यावर काय झालं होतं त्याची ती नोंद आहे. आम्ही बौद्ध झालो तेही त्याच कागदावर लिहिलंय की.”

आजींनी निळ्या फाईलीतला कोतवाल बुकाचा उतारा माझ्यासमोर धरला. “सासरानं नाव वाची दाखाड पोरी.” मी वाचले. त्या म्हणाल्या, “आखो एकदाव.” मी पुन्हा वाचले.

अहवालात माझ्या प्रश्नावल्या कमी भरल्या म्हणून दोन गुण कमी पडले. बरोबरच आहे. पण ज्यांच्या घरी असे कागद राहिले असतील, त्यांनी वडीलधारी माणसे आहेत तोवर गाव, साल आणि बापाचे नाव विचारून लिहून ठेवावे. आणि ज्यांची मुले अशा उमेदवारीला निघाली असतील, त्यांनी त्यांना एवढेच सांगावे, ज्या दारात पाणी प्यालात त्या दारात एकदा परत जा.