टेस्ट ड्राइव्ह झाली, टेस्ट झोपेचं काय?

खडकीत राहायचं म्हणजे ऑफिसला निघताना ऑलिव्ह ग्रीन जिप्सीला साइड द्यायची. ५१२ आर्मी बेस वर्कशॉपच्या गावात लष्करी गाड्यांचं वेड लागणारच! त्यात आता वीकेंडला रानात जाऊन गाडीतच मुक्काम करायचं फॅड आलंय. माझ्या ग्रुपमध्ये दोघांनी त्यासाठी लोनची चौकशीही सुरू केलीये. ईएमआय पाच-सहा वर्षांचा आहे, बॉस. म्हणून सही करण्याआधी एकच विचारा : रात्री पाठ कुठे टेकणार?

दिल है जिप्सी
१९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी, चिवट आणि फोर बाय फोर. पण आम्हा सिव्हिलियन्ससाठी ती बंद झालीये, म्हणजे सेकंडहँडच घ्यावी लागते. १५ वर्षं झालेली असेल, तर आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण आलंच. आणि मागे दोघांना सरळ आडवं होता येत नाही. जिप्सी घ्या, पण सोबत तंबूही घ्या.

थार की गुरखा?
२०२० ची तीन दारांची थार भारी दिसते, पण झोपायला तीही तोकडीच. आपल्या आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा २०२४ मध्ये पाच दारांत आली. पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला डिफरन्शियल लॉक असतं. एक चाक हवेत राहिलं, तरी दुसऱ्याला ताकद मिळते. चिखलात याचीच किंमत कळते. जागाही जास्त, मात्र सीट दुमडून किती सपाट होतं ते टेप लावून मोजा.

आणि व्हॅन?
खरं सांगू? पुण्याहून जाताना बहुतेक रस्ता डांबरीच असतो, कच्चा असतो तो शेवटचा टप्पा. महिन्यातून एकदा पवनेच्या काठी जाणाऱ्याला फोर बाय फोरपेक्षा सपाट गादी जास्त उपयोगी. तिथे साधी व्हॅन बाजी मारते. पावसाळ्यात मात्र तिला चिखलापासून लांबच ठेवा. आत ओटा, पलंग बसवायचा असेल, तर आरटीओची मंजुरी आधी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनमानी बदल चालू देत नाही. आर्मी लुकसाठी बुलबारही नको, २०१७ पासून त्यावर बंदी आहे.

निघण्याआधी
* वजन : २० लिटर पाणी म्हणजे २० किलो. माणसं, गादी, शेगडी धरून बेरीज करा आणि गाडीच्या क्षमतेशी ताडून पाहा.
* छत : टपावरचा तंबू मस्त, पण वरचं वजन घाटातल्या वळणावर गाडी कलंडवू शकतं.
* हवा : मऊ मातीत टायरची हवा थोडी कमी करा. परत भरायला पंप हवाच.
* झोप : बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका, शेगडीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
* परवानगी : जमीन कुणाची आहे ते विचारा. कचरा परत आणा.

माझं मत? आधी गाडी भाड्याने घ्या आणि एक रात्र तिच्यात काढा. सकाळी पाठ कुरकुरली नाही, तरच बँकेत जा!