पई

आजींना मी ‘नाही’ म्हणायला नको होतं.

रविवारी दुपारी, तंजावरच्या त्या घराच्या ओट्यावर चपला घालता घालता मी म्हण म्हटली होती. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आमचा तो दुसराच दिवस होता. आजींनी ही म्हण कधी ऐकली नव्हती. ‘पई म्हणजे काय गं?’ त्यांनी विचारलं. आम्ही तिघी पुण्यात वाढलेल्या, मराठीतून शिकलेल्या. तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

लहानपणी मला ती आणे-पैमधली पै वाटायची. पहिल्या दिवशी माणूस पाहुणा असतो, दुसऱ्या दिवशी त्याची किंमत एका पैवर येते. हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता, तरी तो इतका रुतला होता की मामाकडे मुक्काम लांबला की दुसऱ्या दिवसापासून मला भात मागून घ्यायचा संकोच वाटे. पण मग पैपाहुणा? आजोळी हा शब्द रोज कानावर पडायचा. पैपाहुणा आला तर असू दे, म्हणून आजी दोन मुठी तांदूळ जास्तीचे धुवायची. तिथला पै पाहुण्याच्या शेजारी मानाने बसतो, त्याला कुणी हिणवत नाही. प्राकृतात वाटसरूला ‘पहिअ’ म्हणतात, संस्कृतातला पथिक तो. पई त्याच्यापासून आला असावा, असा माझा आपला तर्क. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी पाहुणा स्वस्त होत नाही, वाटसरू होतो. घरच्यांना त्याच्या पायांत वाट दिसायला लागते, एवढंच.

त्या घरी आम्ही पोचलो ते एका भिंतीमुळे. बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने 1010 साली पुरं केलं. तिथे जिकडे पाहावं तिकडे तमिळ शिलालेख, आणि आवाराच्या एका भिंतीवर अचानक मराठी. सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांच्या वंशाचा इतिहास तिथे कोरून घेतला. शनिवारी सकाळी आम्ही तिघी तो मोठ्याने, अडखळत वाचत होतो, तेव्हा मागून एका गृहस्थांनी आमचा एक शब्द सुधारला. मराठीच, पण तमिळ हेलाची. आजींचे थोरले चिरंजीव ते. ‘आई खूश होईल, चला,’ म्हणाले, आणि आम्ही गेलो. इतक्या सहज मी पुण्यात कुणाला घरी नेलं असतं का?

व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं आणि 1855 मध्ये कंपनीने ते राज्य खालसा केलं. राज्याबरोबर आलेली माणसं राज्य गेल्यावरही तिथेच राहिली. आजींनी ताटात डांगर वाढलं. ते तिथे डांगर पचडी झालंय, पण चव माझ्या आजीच्या हातची. जेवणानंतर त्यांनी देव्हाऱ्यातली वही काढली. अभंगांची वही, आणि अक्षरं सगळी तमिळ. आजी वाचू लागल्या की तुकोबा ऐकू येत होते, मी वहीत डोकावले की एक अक्षर लागत नव्हतं. माझेच अभंग, आणि ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय मला मिळणार नव्हते. सकाळी भिंतीसमोर मला किती अभिमान वाटला होता. वहीसमोर काय वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तर पई. आम्ही गप्प राहिलो, तेव्हा आजींनीच विचार करून सांगितलं. तमिळमध्ये पै म्हणजे पिशवी. ‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पिशवी. हातात पिशवी देऊन पाठवायचं, तसंच ना?’ तिकडे लग्नाला आलेल्याला निघताना नारळ-विड्याची पिशवी देतात, तिला ताम्बूलप्पै म्हणतात. त्या अगदी खात्रीने बोलत होत्या. आणि मी म्हणाले, ‘नाही आजी, तो अर्थ नाही.’

कुठला आहे, हे मला माहीत नव्हतं. तरी ‘नाही’ म्हणाले. मराठी आमच्याकडची, तेव्हा अर्थही आमच्याकडचाच, असंच मनात असणार. साडेतीनशे वर्षं दूर राहिलेल्या घराला म्हणीचा अर्थ लावायचा हक्क किती, हे मी कुणाच्या वतीने ठरवलं?

आजी रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि दहीभाताचा डबा, दोन नारळ, विड्याची पानं घालून एक पिवळी कापडी पिशवी आणून माझ्या हातात दिली.

पुण्याला आल्यावर दोन कोश पाहिले, पहिअ पुन्हा पाहिला. चिरंजीवांचा निरोप आला होता, आई अर्थ विचारते आहे. तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. माझा तर्क आता मलाच तितकासा पटत नाही. पिशवी स्वयंपाकघराच्या खुंटीला आहे. काल तिच्यातून भाजी आणली.