सुई जळगावला लागली की

आमच्या घरचा ट्रान्झिस्टर कातडी कव्हरातला होता. कव्हराला पुढून बारीक भोकांची जाळी आणि वर खांद्याला अडकवायचा पट्टा. आबा मळ्यात जाताना तो पट्टा खांद्यावर टाकायचे आणि मोटारीच्या खोपीत खुंटीला अडकवून ठेवायचे. सेल उतरले की आवाज घोगरा व्हायचा. मग सेल काढून पत्र्यावर उन्हात ठेवायचे. तापलेले सेल परत घातले की दोन-तीन दिवस भागायचं, आणि तेवढ्यात लासूरचा बाजार यायचा.

देवगाव रंगारी कन्नड तालुक्यात. पलीकडे औट्रम घाट, घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश सुरू. त्यामुळे आमच्या ट्रान्झिस्टरवर दोन मुलखांची गाणी यायची. सुई 1305 ला नेली की परभणी. ते केंद्र 1968 सालचं, मराठवाड्याचं हक्काचं. तिथून डावीकडे 963 पर्यंत सरकवली की जळगाव, आणि जळगाववर अहिराणी. सकाळी पुण्याहून सुधा नरवणेंच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या. आणि रात्री रेडिओ सिलोन.

दिवसा खरखरणारी लांबची केंद्रं रात्री साफ कशी ऐकू येतात, याचं कोडं मला बरीच वर्षं होतं. पुढे शाळेत सरांनी सांगितलं, की मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या अंगाने चालतात आणि लवकर दमतात. अंधार पडला की आकाशातल्या वरच्या थरावर आपटून त्या शेकडो मैलांवर खाली येतात. तेव्हापासून रात्री खाटेवर पडल्या पडल्या वर बघताना मला वाटायचं, आत्ता कुणाकुणाची गाणी आपल्या गावावरून चालली असतील.

घरात रेडिओ होता तरी तो घरापुरता नव्हता. संध्याकाळी ओट्यावर आठ-दहा माणसं सहज असायची. लोकगीतांचा कार्यक्रम लागला की बोलणं थांबायचं. शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे ही माणसं आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती, पण आवाज पहिल्या सुराला ओळखू यायचा. सुलोचना चव्हाणांची लावणी लागली की आबा उगाच घसा खाकरायचे आणि आजी आत निघून जायची. दाराआड थांबून ती पूर्ण ऐकायची, हे आम्हा पोरांना माहीत होतं.

फर्माईशीचं वेड तर काही विचारू नका. सिलोनवरच्या बिनाका गीतमालेच्या काळात झुमरीतलैया हे कुठल्या कोपऱ्यातलं अभ्रकाच्या खाणींचं गाव पत्रं धाडून धाडून देशभर माहीत झालं होतं. आमच्या दादांनीही पोस्टकार्डं टाकायचा सपाटा लावला. तीन-चार महिने काही नाही. मग एका संध्याकाळी निवेदिकेने नावांची यादी वाचता वाचता ‘देवगाव रंगारी’ म्हटलं. सगळा ओटा एकदम उभा राहिला. गाणं कोणतं लागलं ते कुणी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी पोस्टातली कार्डं संपली.

पण या सगळ्यात माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. एकदा पहाटे आजी जात्यावर बसली होती. खुंटा धरलेला, डाव्या हाताने जात्याच्या तोंडात बाजरीची मूठ सोडायची आणि मूठ रिकामी झाली की ओवी पुढे न्यायची. दळण आणि गाणं एकाच दमात. दादांनी सहज रेडिओ लावला, तर कुठल्याशा केंद्रावर एक बाई जात्यावरचीच ओवी म्हणत होती. आजीचं जातं थांबलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “हे तं आपलंच हाये. हे पण रेडिओत घेतेत?” त्यानंतर ती मोठ्याने गायला लागली. आधी भिंतीपलीकडे जाऊ नये एवढ्या आवाजात गायची, आता शेजारची माय तिकडून दुसरी ओवी जोडायची.

रेडिओने खेड्याला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी ही पहाट सांगतो. 1956 साली पुणे केंद्रावरून मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवून प्रयोग केला गेला. युनेस्कोचं पाठबळ असलेला तो प्रयोग जगभर नावाजला गेला. बी-बियाणं, खतं, पंचायत यांवर लोक ऐकायचे आणि मग आपसात बोलायचे. त्याचं मोल मोठंच. पण आपलं गाणं ऐकण्याजोगं आहे, हे आजीला कोणत्या मंडळाने पटवलं नसतं.

दूर अमेरिकेत असंच घडलेलं आहे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावर 28 नोव्हेंबर 1925 च्या रात्री 77 वर्षांच्या एका म्हाताऱ्याला फिडल घेऊन मायक्रोफोनपुढे बसवलं. अंकल जिमी थॉम्प्सन त्यांचं नाव. शेतकऱ्यांच्या, डोंगरातल्या लोकांच्या त्या गाण्याला शहरी माणसं तोवर नाक मुरडत. त्या रात्रीतून उभा राहिलेला कार्यक्रम ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नावाने शंभर वर्षं झाली तरी चालू आहे. ते गाणं, ज्याला ते कंट्री म्हणतात, रेडिओवरून आणि तबकड्यांवरून कुठे कुठे गेलं! आज केनियात ते आवडीने ऐकलं जातं, तिथले गायक ते गातात. जिम रीव्हज हा त्यातला गायक आपल्या देशातही पुष्कळांनी ऐकला. घर, आई, रान, सोडून आलेलं गाव, हे ज्याच्या गाण्यात आहे त्याला परका मुलूख असा फार उरत नाही.

आमच्याकडे पुढे टेप आला. प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटा, मग आनंद शिंदे. म्हैसमाळच्या टॉवरवरून दूरदर्शन दिसायला लागलं आणि ओट्यावरची माणसं खोलीत गेली. गावात गिरणी आली, जातं मागच्या दाराला उलटं पडलं. रेडिओचा परवाना भरायला दादा दरवर्षी पोस्टात जात, तो परवानाही ऐंशीच्या दशकात बंद झाला. तोवर ट्रान्झिस्टरच बंद पडलेला होता.

आता गावातल्या प्रत्येक खिशात फोन आहे. आकाशवाणीचं ‘न्यूजऑनएअर’ ॲप उघडलं की परभणीही लागतं, जळगावही लागतं, खरखर नाही. दुबईत कामाला असलेला आमचा भाचा तिथे सकाळी मराठवाड्यातलं केंद्र लावतो. घाटाखालची अहिराणी गाणी तर यूट्यूबवर कोट्यवधी वेळा ऐकली गेली आहेत. पुण्यातल्या एका लग्नात, जिथे अहिराणीचा एक शब्द कुणाला कळत नव्हता, तिथे सगळा मांडव त्या गाण्यावर नाचताना मी पाहिला. मला मनापासून आनंद झाला. सुई जळगावला लागली की शहरातून आलेले पाहुणे हसायचे, ते दिवस मला आठवतात.

तरी एक फरक मला सलतो. तेव्हा गाणं आपल्या वेळेला यायचं, आपण त्याची वाट बघायचो, आणि दहाजण मिळून बघायचो. आता भाचा त्याच्या कानात ऐकतो, मी माझ्या. मांडवात आवाज एवढा की शेजारच्याला शब्द विचारायची सोय नाही. ओट्यावर एखादा शब्द अडला की आबा त्याचा अर्थ सांगायचे, अर्थावरून गोष्ट निघायची. मिळतंय त्याच्या तुलनेत हे हरवलेलं लहान आहे असं तरुण पोरं म्हणतात. मला ते पटत नाही.

आणि एक गोष्ट तर भरून येणारच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित केल्या. आज त्यातल्या अनेक ‘परी’ या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतात. मी त्या तासन्‌तास ऐकतो. ऐकताना आजीच्या मुठीतून पडणारी बाजरी दिसते. पण आमच्या आजीच्या आवाजातली एकही ओवी आमच्याकडे नाही. घरात रेडिओ होता, पुढे टेपही होता, कोऱ्या कॅसेटा लासूरला मिळत होत्या. कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

तुमच्या घरात अजून कुणी गाणारी म्हातारी असेल, तर या दिवाळीला गावी गेल्यावर फोन तिच्यासमोर ठेवा. गाऊन झालं की तिलाच तिचं नाव सांगू द्या, आणि तिच्या गावाचं.