ऑइल, टर्बो आणि बाबा

तर मंडळी, या वीकेंडला प्रोग्रॅमिंग नाही, गाडी. आणि त्यातही इंजिन ऑइल! ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथूनच परत फिरावं. पण घरात टर्बो पेट्रोल गाडी असेल आणि ती आई-बाबा चालवत असतील, तर पाच मिनिटं थांबाच.

आमची गाडी एक लिटरची टर्बो पेट्रोल. आधी ती माझ्याकडे पुण्यात होती, वर्षाला सहज १५,००० किमी व्हायची. मग माझं काम घरूनच सुरू झालं आणि गाडी साताऱ्याला आई-बाबांकडे गेली. जाण्याआधी मी तिच्यात चांगलं महागातलं सिंथेटिक ऑइल भरलं. एक्सेल शीट केली होती हो! दर किलोमीटरला किती पैसे, वगैरे. शीटचं उत्तर होतं : १५,००० किमी निवांत.

दीड वर्षाने बाबा फोनवर म्हणाले, "अरे, ऑइल बदलायला झालंय."

"बाबा, चार हजारच झालेत. सिंथेटिक आहे ते. अजून अकरा हजार बाकी आहेत."

बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, तीस वर्षं. वाद घालत नाहीत. फक्त म्हणाले, "किलोमीटर गाडी मोजते. ऑइल काय मोजतं ते बघ एकदा." मी मनात म्हटलं, लेलँडच्या जमान्यातला माणूस, सोडून द्या.

पुढच्या शनिवारी खंबाटकी चढून साताऱ्याला गेलो. बाबांनी बॉनेट उघडून डिपस्टिक पुसली, पुन्हा घातली, काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर! आणि पेट्रोलचा वास. "ऑइल कमी होतं हे ऐकलंय," बाबा म्हणाले, "हे वाढलं कसं?" बोटांत चोळून दाखवलं. पाण्यासारखं पातळ.

मी गप्प.

रात्री वाचत बसलो तेव्हा एकेक धागा जुळत गेला. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इंजिन थंड असताना त्यातलं थोडं भिंतींना चिकटतं आणि रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. लांब पल्ल्यात ऑइल चांगलं तापतं, ते पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जाते. पण बाबांचा प्रवास कुठला? घर ते मंडई, मंडई ते घर. फारतर तीन किलोमीटर. ऑइल तापायच्या आत गाडी बंद.

आता टर्बोचं बघा. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, आणि तो ऑइलच्या पातळ पडद्यावर तरंगतो. पलीकडे एक्झॉस्टचा नऊशे अंशांच्या आसपासचा गॅस. पडदा पेट्रोलने विरला की धातूला धातू घासणार. टर्बो बसला की खर्च किती, हे विचारू नका.

मग माझं 'सिंथेटिक आहे ना' कुठे गेलं? या शब्दाचीही गंमत आहे. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीबद्दल तक्रार केली, की कच्च्या तेलावरच प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइलला सिंथेटिक म्हणू नये. १९९९ साली तिथल्या जाहिरात-परीक्षण मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून डब्यावरच्या 'फुल्ली सिंथेटिक'वरून आत नेमकं काय आहे ते कळत नाही. ऑइल वाईट असतं असं नाही, पण तो शब्द म्हणजे स्पेसिफिकेशन नव्हे.

बघायचं असतं ते डब्याच्या मागे. एक, मॅन्युअलमध्ये दिलेला ग्रेड (आमच्यात ५डब्ल्यू-३०). दोन, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मंजुरी क्रमांक. 'योग्य आहे' असं मोघम लिहिलेलं नव्हे, मंजुरी. तीन, एपीआयचा वर्ग. लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांवर जोर दिला की कधीकधी ठिणगीच्या आधीच स्फोट होतो आणि पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा धोका वाढतो हे कळल्यावर २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी हे वर्ग आले. टर्बो पेट्रोल असेल तर एसपी किंवा त्यानंतरचाच डबा घ्या.

आणि किती दिवसांनी बदलायचं? युरोपात काही गाड्यांना ३०,००० किमी किंवा दोन वर्षं सांगतात, पण तिथे गाडीचा सेन्सर वापर बघून मुदत कमी करतो. आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय : १५,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. खाली बारीक अक्षरात : धूळ, छोटे प्रवास असतील तर त्याहून लवकर.

'किंवा'! दिवसभर अशाच अटी लिहून पोट भरणाऱ्या माणसाने अर्धी अट वाचली होती. माझ्या शीटमध्ये तारखेचा कॉलमच नव्हता.

आठवलं ते वेगळंच. मागच्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आईला दमा उसळला तेव्हा बाबांनी हीच गाडी काढली होती. थंड इंजिन, पातळ झालेलं ऑइल, आणि बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवर. गाडी पोचली. पण ती माझ्या हिशेबामुळे पोचली नव्हती.

रविवारी सकाळी ऑइल आणि फिल्टर बदलला. नवीन नियम ठरले. साताऱ्यात असेपर्यंत सहा महिने किंवा ५,००० किमी, जे आधी येईल ते. लांबून आल्यावर अर्धा-एक मिनिट इंजिन तसंच चालू ठेवायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून कोळसा होत नाही. आणि आठवड्यातून एकदा गाडी नीट तापेल असा फेरा. हा फेरा आईने लगेच ठरवून टाकला : वाई, ढोल्या गणपती. जाऊन-येऊन सत्तर किमी. इंजिनला औषध, आईला दर्शन!

निघताना बाबांना म्हटलं, "तुमचं बरोबर होतं."

"ऑइल तू चांगलंच आणलं होतंस रे," ते म्हणाले. "फक्त फार दिवस राहिलं."

असो. तुमच्या आई-बाबांच्या गाडीची डिपस्टिक शेवटची कधी बघितलीत? आणि हो, वास घ्यायला विसरू नका.