४७/२००

पोस्टरं जमवणाऱ्या माणसाच्या घरातल्या भिंती रिकाम्या असतात. हसू नका, खरंच! माझ्याकडे रॉक कार्यक्रमांच्या ३१ प्रिंट्स आहेत. मागच्या वर्षीपर्यंत त्या सगळ्याच्या सगळ्या पलंगाखाली होत्या, पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये. उन्हाने रंग उडतो, दमट हवेने कागद फुगतो, टाचणीचं भोक पडलं की किंमत उतरते. मग लावायच्या कुठे?

बाबा इथे सॅन फ्रान्सिस्कोजवळ आमच्याकडे राहायला आले आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी विचारलं, "त्या नळ्यांत काय आहे रे?"

बाबांचं साताऱ्यात स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, दुकानांच्या पिशव्या. मी एक प्रिंट उलगडून टेबलावर ठेवली. सहा रंग, खाली कलाकाराची सही आणि पेन्सिलीने लिहिलेला आकडा: ४७/२००.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून नाक कागदाला लावलं. "सहा जाळ्या. लाल केसभर सरकलाय. पण काम चोख आहे हो. हा आकडा कसला?"

"दोनशेच छापल्या, बाबा. त्यातली ही सत्तेचाळिसावी. लिमिटेड एडिशन."

"मग आमची प्रत्येक पत्रिका लिमिटेडच की! तीनशे म्हणजे तीनशे. जाळी धुतली की ती पुढच्या लग्नाला."

मग मी माझं ज्ञान पाजळलं. १९६६ मध्ये याच शहरात बिल ग्रॅहमच्या फिलमोर सभागृहासाठी वेस विल्सन वितळल्यासारख्या अक्षरांची पोस्टरं करायचा. त्याच वर्षी स्टॅन्ली माउस आणि ऑल्टन केली यांनी ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमासाठी गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा केला. मूळ चित्र एडमंड सलिव्हनचं, उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढलेलं. त्या दोघांना ते इथल्या सार्वजनिक वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडलं. तेव्हा कोणी नंबर घालत नव्हतं. पोस्टरं दुकानांच्या काचांवर, रस्त्यावरच्या खांबांवर लागायची आणि लोक ती काढून घरी न्यायचे. आज त्यांच्या पहिल्या छपाईच्या प्रतींसाठी लोक हजारो डॉलर मोजतात.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे त्यांनी खांबावर लावायला छापली, आणि तू पलंगाखाली ठेवतोस."

यावर काय बोलणार?

थोड्या वेळाने मी सहज विचारलं, "बाबा, तुम्ही छापलेलं काही ठेवलंय का हो घरी?"

"कशाला? लग्न लागलं, पत्रिकेचं काम संपलं."

"माझ्या लग्नाची?"

ती १९९८ ची. चार रंगांचा गणपती, त्यांनी स्वतः उभं राहून छापलेला. दुकान बंद करण्यापूर्वीचं ते त्यांचं शेवटचं मोठं काम. बाबा जरा थांबले. "नसेल. तुझ्या आईने एक ठेवली होती. घर बदललं तेव्हा गेली बहुतेक." आणि पुन्हा त्या सरकलेल्या लाल रंगाकडे बघत बसले.

मी परक्या माणसांनी छापलेले ३१ कागद जिवापाड जपले. ज्या माणसाच्या हाताला शाईचा वास यायचा, त्याचा एकही कागद माझ्याकडे नाही. त्यावर आकडा नव्हता, म्हणून तो संपेल असं कधी वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्रेम आणली. बाबांनीच जागा ठरवली, स्वयंपाकघरासमोरची भिंत. तिथे सकाळी तासभर ऊन येतं. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "उडू दे की थोडा रंग. बघितलं तर जाईल!"

असो. बाबा आता साताऱ्याला परतलेत. नातेवाईक मंडळी हे वाचतात, म्हणून एक विनंती: तुमच्यापैकी कोणाच्या कपाटात, जुन्या अल्बममध्ये, पोथीत खूण म्हणून आमच्या लग्नाची पत्रिका राहिली असेल तर कळवा. हळदीकुंकवाचे डाग असले तरी चालतील. कोपरा दुमडलेला असला तरी चालेल.

तिच्यासाठी भिंत मोकळी ठेवली आहे.