एकटीच, एसटीने, शिवथरला

‘एकटीच? तेही एसटीने?’ वीकेण्डचा प्लॅन सांगितला आणि ऑफिसात सगळ्यांचा हाच प्रश्न. मला खिडकीची सीट हवी होती आणि दोन दिवस गप्पा नको होत्या, बस्स.

पनवेलहून महाड गाठलं. पुढच्या गाडीला वेळ होता, म्हणून चालत चवदार तळ्यावर गेले. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांसोबत हजारो माणसं इथलं पाणी प्यायला आली होती. त्या हक्कावर हायकोर्टाची मोहोर उमटायला १९३७ साल उजाडलं. काठावर बसून मी बाटलीतलं पाणी सहज प्यायले. मग ते ‘सहज’च टोचत राहिलं.

शिवथरच्या एसटीत शेजारच्या मावशींनी गाव, पगार, लग्न सगळं विचारून घेतलं (एकांत गेला खड्ड्यात!). पण उतरताना कंडक्टरला दमही भरला, ‘पोरीला घेतल्याशिवाय परत जायचं नाय हां!’

या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला, अशी परंपरा. पुढे जागा विस्मृतीत गेली. १९३०मध्ये धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली. पावसाळ्यात घळीच्या तोंडाशी धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कल्याणस्वामींना कसं ऐकू आलं असेल कोण जाणे! मी तासभर नुसती बसून होते.

जायचं तर जुलै-ऑगस्टात जा. परतीची गाडी कितीला, हे मात्र उतरतानाच पक्कं करा. प्रत्येकाला अशा मावशी भेटतीलच असं नाही.