दंड आणि शिट्टी

शिट्टीला मान द्यायचा की नाही, हे आपल्याकडे ती कोण वाजवतो यावर ठरतं. कुकरने वाजवली, तर घरातलं माणूस हातातला फोन टाकून स्वयंपाकघराकडे धावतं. आगगाडीने वाजवली, तर चहावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून रंगलेलं भांडण अर्धवट सोडून आपण डब्याकडे पळतो. कबड्डीच्या पंचाने वाजवली, तर खेळाडू पंचाच्या अंगावर धावून जातो. पण निदान जागचा हलतो तरी! मात्र भर चौकात एखाद्या विशीतल्या पोराने शिट्टी वाजवली, तर स्कूटरवरचा सद्गृहस्थ 'हा कोणाला वाजवतोय बुवा?' अशा चेहऱ्याने मागे पाहतो आणि पुढे निघून जातो.

हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. माझं काउंटर बँकेच्या रस्त्याकडच्या खिडकीला लागून आहे आणि खिडकीखाली चौक आहे. एका बाजूला पैशांची ये-जा आणि दुसऱ्या बाजूला वाहनांची, अशा कात्रीत माझी वीस वर्षं गेली. त्यातून मी पडलो बी.कॉम. प्रत्येक नावेला जमा शोधायची खोड. पण या चौकाचा ताळा काही आजवर मला जमलेला नाही. पूर्वेकडून शंभर वाहनं आत येतात आणि पश्चिमेकडे नव्वदच बाहेर पडतात. उरलेली दहा वडापावच्या गाडीसमोर 'पाच मिनिटांसाठी' उभी असतात.

अशा या चौकात एका सोमवारी चार मुलं येऊन उभी राहिली. आजूबाजूच्या खेड्यांतली, शिकलेली आणि रिकामी. सरकारने त्यांना वाहतूक वॉर्डनचं प्रशिक्षण दिलं होतं. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. समोरून येणारं वाहन थांबवायचं तर उजवा हात सरळ वर, पंजा समोर. मागून येणारं थांबवायचं तर डावा हात खांद्याच्या रेषेत आडवा. हे सगळं त्यांनी इतकं मन लावून पाठ केलं होतं, की पहिल्या दिवशी चौकात पंधरा ऑगस्टची कवायत चालल्यासारखं वाटत होतं. अडचण एवढीच, की वाहनं चालवणाऱ्यांनी काहीच पाठ केलेलं नव्हतं. आडवा हात पाहून एका रिक्षावाल्याने चौकाच्या मधोमध रिक्षा थांबवली आणि "कुठं जायचं?" असं विचारलं. हाताच्या इशाऱ्यावर त्या दिवसात थांबलेलं ते एकमेव वाहन!

मराठीत 'दंड' म्हणजे बाहू आणि 'दंड' म्हणजे पावतीवर वसूल होतो तो. या मुलांना सरकारने पहिला दंड हलवायला शिकवलं, दुसरा दिला नाही. मोटार वाहन कायदा १९८८चा. त्याच्या कलम २०० प्रमाणे राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या अधिकाऱ्यालाच तडजोडीचा दंड घेता येतो. वॉर्डन त्यात बसत नाही. त्याने हात करायचा, शिट्टी फुंकायची आणि पोलिसाला मदत करायची. ही गोष्ट मुलांना प्रशिक्षणात समजली आणि वाहनचालकांना प्रशिक्षणावाचूनच समजली. आपल्याकडे जनतेला कायदा माहीत नसतो हा गैरसमज आहे. कोणाला अधिकार नाही, तेवढा भाग तिला तोंडपाठ असतो.

बेकारांना काहीतरी शिकवावं, ही आपल्या सरकारची फार जुनी हौस. १५ ऑगस्ट १९७९ रोजी खेड्यातल्या १८ ते ३५ वर्षांच्या मुलामुलींना स्वयंरोजगार शिकवणारी 'ट्रायसेम' योजना सुरू झाली. आमचे एक मामा तिच्यात रेडिओ दुरुस्ती शिकले. ते शिकून गावात परतले, तोवर गावाने दूरदर्शन घेतलं होतं. मामांचं प्रमाणपत्र मात्र दत्ताच्या तसबिरीशेजारी अजून आहे. मामी दोघांनाही हळद-कुंकू वाहते. ती योजना १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. मामा आधीच शेतीत विलीन झाले होते. अलीकडे, २०२४ मध्ये, महाराष्ट्र सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीवाल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती अकरा झाली. वय तेच, १८ ते ३५. योजना म्हाताऱ्या होतात, वयोमर्यादा नाही.

आमच्या चौकातल्या एका वॉर्डनशी माझी ओळख झाली ती त्याच्या विद्यावेतनामुळे.

"साहेब, पैसं आलं का बघा की."

मी पाहिलं. नव्हते.

"सरकार म्हणतंय धाडलं."

म्हटलं, "अरे, आधार दुसरीकडे कुठे जोडलंयस का?" तेव्हा त्याला आठवलं, की कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या एका बँकेत खातं काढलं होतं. आधारवरून येणारा सरकारी पैसा ज्या बँकेशी आधारची जोडणी असेल तिकडेच जातो. इकडचं पासबुक कितीही हलवलं तरी उपयोग नाही. तीन महिन्यांची रक्कम तिकडे सुखरूप बसली होती.

"म्हंजे पैसं डावीकडं वळलं म्हणा," तो म्हणाला. "आणि मी इथं उजवा हात वर करून हुबा!"

हा मुलगा नुसता प्रशिक्षित नसून हुशार आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

खात्री पटली ती बाजाराच्या दिवशी. चौकात धनगराची मेंढरं शिरली. एसटी अडकली, ट्रॅक्टर अडकला, सगळे मिळून हॉर्न वाजवू लागले. पोराने शिट्टी खिशात टाकली, तोंडाने 'हुर्रर्र' असा काही आवाज काढला आणि दोन मिनिटांत कळप पलीकडे नेला. मग त्याच दमात तो माणसांकडे वळला.

"ओ मामा, जरा दमानं. काकू, आधी तुमी जावा. अण्णा, मागं घ्या की थोडी, घरचंच हाय समदं!"

आणि काय सांगू, मामांनी गाडी मागे घेतली! एरवी चौकातल्या पोलिसाला आपण 'मामा' म्हणतो ते सुटण्यासाठी. इथे वॉर्डनच समोरच्याला मामा म्हणत होता. कायद्याला नाही म्हणणं आपल्या लोकांना सोपं जातं. भाच्याला नाही म्हणणं जड जातं. त्या दिवसापासून त्याने शिट्टी फारशी वाजवली नाही. बाकीची तिघंही त्याचं पाहून नाती लावू लागली. संध्याकाळी सहाचा गोंधळ निम्म्यावर आला आणि समोरच्या शाळेची पोरं वडीलधाऱ्यांचा हात न धरता रस्ता ओलांडू लागली.

मग मुदत संपली. तो पासबुक भरून घ्यायला आला. हातात प्रमाणपत्र.

"साहेब, यावर कर्ज मिळतं का?"

मी त्याला काय सांगणार? बँक शेळीला कर्ज देते, म्हशीला देते, शिलाई मशिनला देते. शिट्टीचा प्रकल्प अहवाल कसा करायचा, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेचा पत्ता मात्र मी लिहून दिला. त्याने कागद वाचला.

"म्हंजे आता शेळीपालनाचं ट्रेनिंग?"

"हो."

"शेळ्या मला येत्यात, साहेब," तो म्हणाला. "माणसं बी येतात आता." आणि कागद नीट घडी करून त्याने खिशात ठेवला.

चौक पुन्हा पूर्ववत आहे. परवा काउंटरवर एक दूधवाले आले. हेच गृहस्थ पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगावर मोटारसायकल घालत होते. सही करता करता खिडकीतून खाली पाहत म्हणाले, "तो मामा म्हणणारा पोरगा दिसत नाही हल्ली?"

मी म्हटलं, "त्याचं प्रशिक्षण संपलं."

"त्याचं संपलं हो," दूधवाले म्हणाले, "आमचं कुठं संपलं होतं?"